आठ इंची दुर्बीण पठारावर रवाना जाहली त्याची हकीकत

आकाशस्थ सर्व ज्योतींस नमस्कार. ज्यांचा उजेड पृथ्वीवर पोचला त्यांस, आणि ज्यांचा अद्याप वाटेवर आहे त्यांसही नमस्कार. शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी कोणे एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, एका मोठ्या शहरात इंदुमतीबाई केळुस्कर म्हणोन एक बाई राहत असत. त्यांजकडील दुर्बीण घर सोडोन दूर पठारावर कशी गेली आणि त्यायोगे काय घडले, ते येणेप्रमाणे.

बाईंनी सरकारी इस्पितळात एक्स-रे खात्याची चाकरी एकतीस वर्षे केली होती. काळ्या फिल्मेवरील पुसट रेघ ओळखावी ती बाईंनीच, ऐसा त्यांचा लौकिक डॉक्टर मंडळींत होता. लग्न केले नाही, भाऊबंद दूरदेशी, आणि चाकरीत असतानाच त्यांस आकाशाच्या छब्या घेण्याचा नाद लागला. मग इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, सोसायटीची परवानगी काढोन त्यांणी पत्र्याची खोली उभी केली आणि तीत आठ इंची आरशाची दुर्बीण बसविली. दुर्बीण ज्या बैठकीवर बसते आणि तारा जसा सरकेल तशी जी दुर्बिणीस हळूहळू फिरविते, त्या बैठकीस माउंट म्हणतात, आणि ते माउंट विकत घेतलेले नव्हते. ते गफूरभाई मणेर यांणी लोखंड कातण्याच्या आपल्या लेथ मशिनीवर हाताने घडविले होते. गफूरभाई दोन गल्ल्या पलीकडे राहत, पंपांचे सुटे भाग करण्यात उमर गेलेली, बायको निवर्तलेली, लेक सासरी सुखी. माउंट घडवून दिले तेव्हांपासोन, चौदा वर्षे जाहली, आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक संध्याकाळी ते चहाचा थर्मास घेऊन गच्चीवर येत आणि दुर्बिणीशेजारी स्टुलावर बसत, एक हात माउंटवर ठेवोन. बाई संगणकापाशी बसत. खोलीचे पत्र्याचे छप्पर उचलावयास दोघे लागत, सबब गफूरभाई न आले तर बाईही दुर्बीण उघडीत नसत. बोलणे फार होत नसे. ऐसा क्रम चालला होता.

बाईंच्या मनी एकच गोष्ट होती. मिथुन राशीत फार पुरातन काळी एक तारा फुटला, त्याची राख अजून आकाशात पसरत चालली आहे, आणि ती इतकी पुसट की शेकडो छब्या एकावर एक रचाव्या तेव्हां तिचे धागे दिसावे. सात हिवाळे बाई त्या राखेच्या मागे होत्या. परंतु शहराचा उजेड वर्षोवर्ष चढत गेला, पलीकडील मैदानावर खेळांसाठी मोठे दिवे लागले, आणि आकाश ताकासारखे पांढरे दिसो लागले. त्यातच कार्तिक वद्य पंचमीस गच्चीची लोखंडी शिडी उतरताना बाईंचा पाय निसटला आणि गुडघा मोडला. गफूरभाईंनी त्यांस पाठीवर घेऊन तीन मजले खाली आणिले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि सांगितले की, चालाल, परंतु शिडी आता जन्मात नाही.

मग बाई महिनाभर खाटेवर पडोन विचार करित्या जाहल्या. दूर दक्षिणेस, दुसऱ्या एका प्रांती, खडकाळ पठारावर मल्लिनाथ हत्तरगी नामे एका इंजिनियराने वेधशाळा उभारिली होती, तेथे हौशी लोक आपापल्या दुर्बिणी नेऊन ठेवीत. दिवस मावळला की हत्तरगींनी वारा आणि ढग पाहोन छप्पर सरकवावे आणि मालकांनी आपापल्या गावी घरात बसोन इंटरनेटवरून दुर्बीण चालवावी, ऐसी तेथील व्यवस्था. तेथे आकाश काळेभोर. बाईंनी पत्र धाडिले, जागा मुक्रर केली, आणि मगच गफूरभाईंस सांगितले. हे त्यांचे चुकले. आधी विचारावयास हवे होते, हे त्यांस सांगता सांगताच कळो आले.

गफूरभाई बराच वेळ थर्मासचे झाकण फिरवीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे दुर्बीण तिकडं, तुम्ही हिकडं."

"हो. इथं टेबलावर बसून चालवायची."

"आणि मी कुठं?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही या की इथं. दोघं मिळून स्क्रीनवर बघू."

"टीव्ही माझ्या घरीबी हाय," गफूरभाई बोलिले, आणि उठले. दारापाशी जाऊन वळोन म्हणाले, "दुर्बीण न्या खुशाल. पण माउंट नका नेऊ. तिकडं परदेशी नवं बसवा. माझं ते घरगुती काम हाय, गच्चीपुरतं." बाईंस वाटले की हे रुसव्याचे बोलणे. आपल्या हातची वस्तू दूर जाते त्याचे दुःख आहे, ऐसे समजोन त्या म्हणाल्या, "तुमच्याच माउंटवर बसेल ती, दुसऱ्या कशावर नाही." बाईंनी हे मान देण्याच्या इराद्याने म्हटले. गफूरभाई गेले आणि अठरा दिवस फिरकले नाहीत.

पौष मासी दुर्बीण उतरविण्याचा दिवस ठरला. बाईंनी दोन मजूर वर पाठविले आणि आपण खाली जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. मजुरांनी नळी सोडविली, आरसा उतरविला, परंतु माउंटचा मधला नट काही सुटेना. हातोडीचा आवाज येऊ लागला तेव्हां बाईंनी गफूरभाईंस फोन केला. ते दहा मिनिटांत पान्यांची पिशवी घेऊन हजर जाहले, वर गेले, आणि "उलट्या आट्यांचा हाय, उजव्या हाताला फिरवा" इतकेच वरून ऐकू आले. मग उरलेले सर्व काम त्यांणीच केले. आरसा बाईंच्या चार लोकरी शालींत गुंडाळिला. प्रत्येक वायरीस रंगीत दोरा बांधिला, कॅमेऱ्यास तांबडा, मोटारीस हिरवा. आणि टेंपो निघावयाच्या वेळेस बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या तो गफूरभाई मागे खोक्यांच्या मध्ये चढोन बसलेले. बाईंनी विचारिले, "तुम्ही येताय?" ते म्हणाले, "धक्के खाईल ना ते."

दोन दिवसांचा प्रवास जाहला. गतिरोधक आला की गफूरभाई आतून पत्र्यावर थाप मारीत आणि ड्रायव्हर गाडी हळू घेई. पठारावर पोचले तो भणाण वारा, झाड म्हणोन नाही, आणि लांबलचक तीन शेडींत बत्तीस खांबांवर बत्तीस दुर्बिणी माना खाली घालोन उभ्या. हत्तरगी पस्तिशीचे, उन्हाने काळवंडलेले, बोलण्यात मऊ परंतु नियमाचे पक्के. तेहेतिसावा खांब त्यांणी दाखविला. खांबावरील भोके आणि माउंटखालची भोके जुळेनात, तेव्हां गफूरभाईंनी गोल कानस घेऊन अर्धा दिवस लोखंड घासले आणि ती जुळविली. हत्तरगी जवळ उभे राहून पाहत होते आणि म्हणाले, "काका, असा हात आता बघायला मिळत नाही." मग त्यांणी दोघांस नियम सांगितले की, दिवस मावळल्यावर शेडीत कोणी जाणे नाही. "माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा फोटोत येते, बाई. एकदा छप्पर उघडलं की आत फक्त मशिनी."

गफूरभाईंनी विचारिले, "आणि कुणी नुसतं बसलं तर? गप?"

"नुसतं बसायलापण नको, काका."

यावर गफूरभाईंनी पान्यांची पिशवी आवरली. त्या रात्री पठारावर ढग आले, आकाश दिसले नाही, आणि दोघे परत आपले शहरी आले.

माघ शुद्ध पक्षात हत्तरगींनी सर्व जोडणी पुरी केली आणि संध्याकाळी सात वाजता बाईंनी आपल्या जेवणाच्या टेबलावरून पहिला हुकूम सोडिला. गफूरभाईंस बोलाविणे केले होते, ते आले नाहीत. दूर पठारावर छप्पर सरकले, दुर्बीण वळली, आणि पाच मिनिटांनी पहिली छबी स्क्रीनवर आली. सात हिवाळे ज्या राखेसाठी घालविले तिचे धागे एकाच छबीत, पुसट परंतु स्वच्छ, दिसत होते. बाईंनी चष्मा काढोन पदराने पुसला आणि पुन्हा लाविला. मग त्यांणी छबी मोठी करोन पाहिली आणि त्यांचे कपाळ आठ्यांनी भरले. प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट जाहला होता. दुसरी छबी बरी आली. तिसरी पुन्हा तांदूळ. रात्र संपली तो निम्म्याहून अधिक छब्या वाया गेल्या होत्या.

बाईंनी हत्तरगींस लिहिले की खांब हलतो. हत्तरगींनी खांब तपासोन कळविले की हलत नाही. बाईंनी लिहिले की मग वारा आत शिरतो. त्यांणी पडदे लाविले. तरी तेच. फाल्गुन लागला, मिथुन रास पश्चिमेस कलो लागली, आणि बाईंचा धीर सुटला. चौदा वर्षांच्या जुन्या छब्या त्यांणी काढोन पाहिल्या, सर्व तारे वाटोळे, एकही तांदूळ नाही. तेव्हां त्यांची खात्री जाहली की यंत्र निर्दोष गेले आणि पठारावर बिघडले. मग त्यांणी एक गोष्ट केली, जीबद्दल पुढे फार दिवस त्यांस झोप येईना. हौशी आकाश-छबीकारांचा एक मोठा समूह इंटरनेटवर आहे, तीन हजार माणसे त्यात आहेत, तेथे बाईंनी लिहिले की त्या वेधशाळेत यंत्रांची हेळसांड होते, कोणी तेथे आपली दुर्बीण देऊ नये. बाईंचा शब्द त्या समूहात वजनदार. आठ दिवसांत दोघा जणांनी आपल्या दुर्बिणी पाठविण्याचे रहित केले.

हत्तरगींनी तक्रारीस तक्रार केली नाही. त्यांणी फोन केला आणि दुर्बीण ताऱ्यापासोन किती ढळली याचा तीन रात्रींचा आलेख पाठविला. आलेखाची रेघ तळ्यासारखी सपाट होती आणि मधेमधे एकेक टोक उभे होते. "बाई, ही टोकं मोजा. दर आठ मिनिटांनी एक. वारा काय घड्याळ बघून येत नाही. हे मशिनीच्या आतून येतंय." बाई बोलिल्या की, "इथं चौदा वर्षं आलं नाही." तेव्हां हत्तरगी म्हणाले, "ते मला सांगता येत नाही. पण मी बारा वर्षं हेच काम करतोय, आणि माझ्यामुळं कुणाचा स्क्रूसुद्धा ढिला झालेला नाही. हे तुम्ही लिहायच्या आधी एकदा विचारायला पाहिजे होतं." आवाज चढला नाही. त्यामुळेच बाईंस ते लागले.

त्याच संध्याकाळी गफूरभाई आले. समूहातील मजकूर त्यांच्या जावयाने त्यांस वाचोन दाखविला होता. थर्मास आणला नव्हता. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, त्या पोराला बोल लावू नका. खोट माझी हाय."

बाईंनी बसा म्हटले. ते बसले नाहीत. मग त्यांणी सांगितले ते ऐसे की, माउंटच्या पोटात पेच पाडलेला एक लोखंडी दांडा असतो, तो मोठ्या दात्यांच्या चाकास फिरवितो, आणि आठ मिनिटांत त्याचा एक फेरा पुरा होतो. तो दांडा लेथवर घडविताना शेवटचे आटे पाडायचे राहिले होते तो लाईट गेली. मशीन एकदम थांबले आणि हत्यार आत रुतले. एका आट्यास खाच पडली, केसाएवढी. "सळई तेवढी एकच होती. म्हटलं, आता बसवू, नंतर दुसरा करू. तुम्ही पहिला फोटो काढलात त्या दिवशी तुम्ही खुर्चीवरनं उठून टाळ्या वाजवल्या. मग सांगवंना. ती खाच आली की यंत्र हिसका मारतं. अंगठ्यानं इथं, दांड्याच्या वर, जरासा दाब दिला की हिसका मरतो. मी घड्याळ बघून दाबायचो."

"रोज?"

"रोज."

"चौदा वर्षं?"

"पावसाळा सोडून."

चौदा वर्षे शेजारी स्टुलावर बसलेला माणूस दर आठ मिनिटांनी काय करीत होता, हे बाईंनी एकदाही पाहिले नव्हते. काळ्या फिल्मेत फुप्फुसाचा पुसट डाग शोधणाऱ्या बाई, आणि हाताच्या अंतरावरचे दिसले नाही, याचा त्यांस अधिक राग आला की फसविले गेल्याचा, हे त्यांस सांगता येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "दुसरा दांडा करायला तुम्हाला चार दिवस लागले असते, गफूरभाई."

"लागले असते. मग मी वर यायचो कशाला?"

गफूरभाई गेले. बाईंनी त्या रात्री समूहात लिहिले की, माझी तक्रार खोटी होती, दोष माझ्या यंत्राचा होता, वेधशाळेचा कसलाही नव्हता, आणि मी हत्तरगी यांची जाहीर माफी मागते. गफूरभाईंचे नाव लिहिले नाही. दुसरे दिवशी गफूरभाईंनी फोन करोन म्हटले, "माझं नाव का न्हाई घातलं?" बाई म्हणाल्या, "यंत्र माझं आहे." हत्तरगींनी माफीखाली एकच ओळ लिहिली की, बाई, विषय संपला. त्या दोघा जणांपैकी एकाने आपली दुर्बीण नंतर पाठविली, दुसऱ्याने नाही.

मग गफूरभाईंनी आपल्या बंद पडलेल्या कारखान्याचे दार उघडिले, लेथवरचे फडके काढिले, आणि एकाहत्तराव्या वर्षी नवा दांडा घडविण्यास बसले. हात पूर्वीचा राहिला नव्हता. पहिली सळई बिघडली. दुसरीही बिघडली. बाई काठी टेकीत दोन गल्ल्या चालोन कारखान्यात गेल्या आणि लाकडी पेटीवर बसल्या. गफूरभाई म्हणाले, "तुम्ही कशाला आलात या धुळीत?" बाई म्हणाल्या, "बसते नुसती." तिसऱ्या सळईस बारा दिवस लागले. दांडा पुरा जाहला तेव्हां त्यांणी तो मापकाट्यावर फिरविला आणि काटा जागचा हलला नाही. चैत्र लागला, विश्वावसु नाम संवत्सर सुरू जाहले, आणि गफूरभाई दांडा तेलाच्या फडक्यात गुंडाळोन, जेवणाच्या डब्यात घालोन, एसटीने एकटेच पठारावर गेले, कारण मागल्या प्रवासाने बाईंचा गुडघा सुजला होता आणि डॉक्टरांनी दुसऱ्या फेरीस मनाई केली होती.

दिवसा त्यांणी दांडा बसविला. संध्याकाळी हत्तरगींनी छप्पर सरकविले आणि सर्व शेडीबाहेर आले. बाईंनी टेबलावरून दुर्बीण मघा नक्षत्राकडे वळविली आणि कॅमेरा तीस मिनिटे उघडा ठेविला, इतका वेळ पूर्वी कधीच ठेविला नव्हता. छबी आली. बाईंनी ती मोठी केली, अजून मोठी केली, आणि तारा वाटोळा होता. त्यांणी फोन लाविला आणि विचारिले, "गफूरभाई, कुठं आहात?"

"बाहेर हाय. कुंपणापाशी."

"छान आलाय फोटो. एकदम गोल." पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, "ऐकताय ना?"

"ऐकतोय," गफूरभाई बोलिले. "बाई, तुम्ही हे आभाळ बघितलं नव्हतं. मागल्या वेळी ढग हुते. लई गर्दी हाय वर. उभं ऱ्हावंना, मान दुखायला लागली तरी खाली बघवंना." बाईंनी फोन ठेविला नाही. अर्धा तास दोघांपैकी कोणी बोलले नाही, आणि तो अर्धा तास बाईंस गच्चीवरील कुठल्याही अर्ध्या तासापेक्षा छोटा वाटला.

दुसरे दिवशी गफूरभाई निघणार, तो शेजारच्या खांबावरील एका दुर्बिणीची मोटार अडकली. ती त्यांणी सोडविली. मग आणखी एकाचे झाकण बसेना. चार दिवस गेले, आठ गेले. हत्तरगींनी त्यांस म्हटले की, काका, इथं तेहेतीस यंत्रं आहेत आणि बिघडलं की मी परदेशी पार्टाची दोन-दोन महिने वाट बघत बसतो, तुम्ही इथंच राहा, लेथ घेऊन या, खोली बांधून देतो. गफूरभाई शहरी परत आले आणि बाईंच्या दारात उभे राहून सर्व सांगितले आणि म्हणाले, "न्हाई म्हणून सांगू का?"

बाईंस न्हाई म्हणा ऐसे सांगावयाचे होते. अंगठ्याने माउंट दाबीत बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि कानस घेऊन लोखंड घासणाराही आला, आणि त्या बोलिल्या, "लेथ न्यायला मोठा ट्रक लागेल. टेंपोत मावायची नाही." गफूरभाई हसले आणि लागलीच रडले, आणि बाई चहा टाकण्याच्या निमित्ताने आत गेल्या. वैशाखात लेथ रवाना जाहली. ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत बाई खिडकीत उभ्या होत्या.

पावसाळ्याचे चार मास पठार बंद राहिले. मार्गशीर्षात मिथुन रास पुन्हा उगवली, आणि पौष अखेर बाईंनी त्या फुटलेल्या ताऱ्याची राख दोनशे अकरा छब्यांतून पुरी केली. धागे इतके बारीक आले की जुन्या इस्पितळातील डॉक्टरांनी तिला फुप्फुसाची उपमा दिली. दररोज संध्याकाळी सहा वाजता, छप्पर सरकण्याआधी, पठारावरून फोन येतो. वाऱ्याचा वेग, ढग, ओल, सर्व आकडे बाईंच्या स्क्रीनवर आधीच आलेले असतात. तरी बाई विचारितात, "वारा कसा आहे?" आणि गफूरभाई बाहेर जाऊन, हात वर करोन, मग सांगतात.

ऐसी ही हकीकत. दुर्बीण पठारावर कायम जाहली, कारागीर तेथे कायम जाहला, बाई शहरी राहिल्या, आणि तिघांचे काम चालू आहे. ऐकिले तैसे लिहिले. कोणास यापरते ठाऊक असेल त्याने जोडावे.